पट्ट्यापासून चार बोटं

३ सप्टेंबर

मशीन आलं. मला ते आवडलेलं नाही. आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की तुला हे नंतर सुचलं.

टेम्पोतून उतरवताना त्याचा पत्रा दाबला की डब्यासारखा वाजत होता. असलंच मशीन मी एका कारखान्यात पाहिलंय. ते बिडाचं होतं, जमिनीत रोवल्यासारखं. आमचं नुसत्या धक्क्याने हलतं. स्वस्तातलं आहे, आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नाही. रचना साधी आहे. पुढे कमरेएवढं टेबल, मागे दोन रुळांवर ताणलेला घासकागदाचा वीतभर रुंद पट्टा, उभा. बटण दाबलं की पट्टा धावतो. फळी टेबलावर आडवी ठेवायची आणि तिची कड पट्ट्याला लावायची. हाताने घासत बसायला नको. मशीनवाला म्हणाला, चहा निवायच्या आत कड गुळगुळीत.

मला नवल वाटलं ते दादाचं. करवत सोडली तर विजेवर चालणारं काही त्याने वर्कशॉपमध्ये येऊ दिलेलं नाही. लोक त्याच्या हातच्या कडेसाठी थांबून राहतात. मी विचारलं, आता अचानक हे काय. म्हणाला, शाळेच्या बाकांचं काम मोठं आहे, सगळ्या कडा गोल करून हव्यात, दोन माणसांनी किती घासायचं. ते खरं आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी दोनदा बजावलंय की एकाही पोराच्या मांडीत कुसळ जाता कामा नये.

सोबतच्या माहितीपत्रकाचं भाषांतर कुणी केलंय देव जाणे. त्यात लिहिलंय, ‘चालू असताना बोटे मशीनला देऊ नयेत.’ वहिनी डबा घेऊन आली होती. तिने ते मोठ्याने वाचलं आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो.

मग दादाने मशीन चालू केलं. पट्ट्याचा सांधा दर फेरीला फट् करून वाजायला लागला. मी आपोआप दाराशी जाऊन उभी राहिले.

“बारके, भित्यापाठी ब्रह्मराक्षस,” दादा म्हणाला. मी चाळिशी ओलांडली, तरी त्याच्यासाठी बारकीच.

५ सप्टेंबर

पट्टा चालता चालता वर चढतो आणि झाकणाला घासतो. तो जागेवर ठेवायला एक स्क्रू आहे, पण मशीनच्याच थरथरीने तो सैल होतो. सकाळपासून तीन वेळा बंद करून आवळला. तिसऱ्या वेळेपर्यंत पट्ट्याची कड फाटून झालर निघाली होती. तेवढ्या वेगात पट्टा तुटला तर कुठे जाईल, असं दादाला विचारलं. म्हणाला, कुठेही गेला तरी तुझ्याकडे येणार नाही, तू तर दाराबाहेर असतेस.

गुण्या लावून पाहिला. पट्टा टेबलाशी काटकोनात नाही. गुण्याच्या पात्याखालून उजेड दिसतो. टेबलाखाली पत्र्याची चकती सरकवल्यावर बसलं. दादा आधी असल्या गोष्टी डोळ्यांनी ओळखायचा, गुण्या नंतर यायचा. आज मीच सगळं केलं आणि तो स्टुलावर बसून होता. स्क्रू धर म्हटलं तर त्याच्या हातून दोनदा पडला. वैतागून म्हणाला, हल्ली स्क्रूसुद्धा गुळगुळीत करतात.

८ सप्टेंबर

आज घाबरण्यासारखं झालंच.

टेबल आणि पट्टा यांच्यामध्ये फट आहे, सहज बोट जाईल एवढी. दादा एक बारीक पट्टी घासत होता. ती फटीत तिरकी झाली आणि गपकन आत ओढली गेली. टेबलाच्या टोकाला फळी अडवायला पत्र्याची आडकाठी असते, ती वाकली आणि पट्टीचा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला. दादाचा हात फटीपासून किती लांब होता ते मी पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

बंद करायचं बटण पट्ट्याच्या पलीकडे आहे. म्हणजे मशीन थांबवायला धावत्या पट्ट्यावरून हात न्यायचा. हे ज्याने बनवलं त्याने आयुष्यात एक फळी घासलेली नाही.

दादा मात्र ढिम्म. “लागलं नाही ना कुणाला,” म्हणाला आणि दुसरी पट्टी घेतली. इतका निर्धास्त तो कधी नव्हता. करवतीवर मला शिकवताना माझ्या बोटांवरून त्याची नजर हलत नसे.

१० सप्टेंबर

प्लायचं एक जादा टेबल करून मूळ टेबलावर बसवलं, पट्ट्याला अगदी भिडवून. फट बुजली. त्यावर लाल रंगाने रेघ ओढली, पट्ट्यापासून चार बोटं. ह्या रेघेच्या पलीकडे हात न्यायचा नाही. छोटा तुकडा असेल तर दुसऱ्या लाकडाने ढकलायचा. दादाला सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली आणि पहिल्याच फळीला त्याचा हात रेघेपलीकडे गेला. मी ओरडले. तो म्हणाला, कळलं नाही गं.

वायरमनला बोलावलंय. गुडघ्याच्या उंचीला मोठं लाल बटण हवं, हात न लावता दाबता येईल असं.

१३ सप्टेंबर

वायरमन बटण बसवून गेला. जाताना म्हणाला, ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं, लोक मशीन चालू करायला बोलावतात, तुम्ही बंद करायला. मी गुडघ्याने दहा-बारा वेळा दाबून पाहिलं. मशीन लगेच मेल्यासारखं थांबतं. जीव भांड्यात पडला.

आज गंमत झाली. दादा बाहेरून आला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी फाटकाजवळच राहिली होती आणि त्याला पत्ता नव्हता. मी आणि वहिनीने त्याची इतकी थट्टा केली. तो पण हसला, पण परत जाऊन चप्पल घालताना भिंतीला धरून उभा होता.

वहिनी म्हणाली, पन्नाशीत नवरा शौकीन झालाय. शर्ट घालायचा सोडला, गळ्यातून घालायचे बनियनसारखे कपडे हवेत. पँटींनाही बटणं काढून इलॅस्टिक लावून घेतलं. ती शिवणकाम करते, त्यामुळे घरच्या घरी झालं. “पोट सुटलंय, कबूल करायला नको,” असं तिचं मत.

१७ सप्टेंबर

मशीन आता वागतंय. खरं सांगायचं तर कडा सुंदर येतात. सकाळी पट्टा लावायचा, त्याच्या पाठीवरचा दिशेचा बाण बघून घ्यायचा, हाताने एक फेरी फिरवायची, स्क्रू आवळायचा आणि मगच बटण. मी हे सगळं करते आणि दादा घासतो. मला तो मशीनवर उभं राहू देत नाही. तू पॉलिश बघ, म्हणतो.

पण तो फळी फार दाबतो. दोन कडा काळ्या पडल्या, जळल्याचा वास सुटला. हलक्या हाताने लाव, पट्ट्याला त्याचं काम करू दे, असं मी त्याला सांगत होते. दादाला! सांगताना माझीच जीभ अडखळली.

आणखी एक. कड झाली की तो आधी अंगठा फिरवायचा. त्याचा अंगठा फिरला की ती कड पास, असं बाबांच्या वेळेपासून चालत आलंय. हल्ली तो फळी उचलून गालाला लावतो. गालावरून, ओठावरून ओढत नेतो. मला वाटलं लाकडाचा वास घेतोय. विचारलं तर म्हणाला, गाल जास्त खरं बोलतो. नवीनच तऱ्हा. मीपण करून पाहिलं, पॉलिशचा वास नाकात गेला आणि शिंका आल्या.

२० सप्टेंबर

हे लिहू की नको असं झालंय. लिहिते, कारण बोलायला कुणी नाही.

दादा पितो की काय?

सकाळी वर्कशॉपच्या पायरीवर त्याचा तोल गेला. दाराच्या चौकटीला धरलं म्हणून वाचला. दुपारी पेन्सिलने फळीवर खूण करत होता, ती रेघ बघवेना. शाळेतल्या पोराने ओढावी तशी. मी जवळ गेले आणि चहा देण्याच्या निमित्ताने त्याच्या तोंडाचा वास घेतला. काही आला नाही. चहा चुलीवरून थेट ओतलेला होता, मला पेला फडक्याने धरावा लागला. त्याने तो पंजात धरला आणि बोलत बसला. एरवी पहिला घोट घ्यायला किती फुंकायचा.

मग मशीन चालू केलं आणि मी तिथे उभी राहून नुसती त्याच्या हातांकडे बघत होते. पिऊन ह्या मशीनवर उभं राहणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. एक क्षण चुकला की बोटं गेली. आतापर्यंत मला मशीनची भीती वाटायची. आज पहिल्यांदा त्याची वाटली.

२१ सप्टेंबर

वहिनीशी बोलले. वाटलं होतं चिडेल. ती रडली. म्हणाली, मलाही तीच शंका आहे. गेल्या आठवड्यात कपाटं उपसून झाली, गाद्यांखाली बघून झालं, पाण्याच्या टाकीमागे हात घालून झाला. बाटली कुठेच नाही. मिळाल्या त्या मलमाच्या डब्या, तीन, अर्ध्या संपलेल्या, मान आणि खांद्याला चोळायचं मलम. दुखतंय हे तो तिला बोललाही नव्हता.

आम्ही ठरवलं की लक्ष ठेवायचं आणि तोंडावर काही म्हणायचं नाही.

२५ सप्टेंबर

मशीनवाल्याला भांडायला फोन केला. स्क्रूची मूळ घडणच वाईट आहे, आता पक्क्या नटाने बसवलाय, पण ते त्याने करायला हवं होतं. तो गोड बोलून सुटला. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या भावाला मी उलट म्हटलं होतं, जरा थांबा, पुढच्या महिन्यात भारी मशीन येतंय, तर ते म्हणाले थांबायला वेळ नाही. वेळ नाही म्हणजे काय? बाकं तर ऑक्टोबरअखेरीस द्यायची आहेत. दादाला कधी कशाची घाई नसते.

रात्री झोप नीट लागत नाही. डोळे मिटले की सांध्याचा फट् फट् आवाज येतो.

२९ सप्टेंबर



सकाळी दादा बाकाच्या लांब फळ्या घासत होता आणि मी मागे पॉलिशला बसले होते. मशीनचा आवाज नेहमीचा. मी सहज मान वर केली. फळीची कड तांबडी दिसली. मला वाटलं रंग सांडला. मग दिसलं की पट्ट्यावरही एक तांबडी रेघ आहे, दर फेरीला ती येते आणि जाते, येते आणि जाते. आणि दादा फळी ढकलत होता. शांतपणे, डोकं किंचित वाकवून, नेहमीसारखा. त्याची दोन बोटं फळीच्या कडेवरून पुढे वाकलेली होती आणि पट्ट्याला लागलेली होती.

मी कशी पोचले आठवत नाही. गुडघा बटणावर आपटला तेव्हाच कळलं की पोचले. पट्टा थांबला.

दादाने चिडून माझ्याकडे पाहिलं. “बंद का केलंस? अर्धी झाली होती.”

मी त्याच्या हाताकडे बोट केलं. त्याने हात वर केला, उलटा केला, सुलटा केला. मधल्या बोटाचं आणि त्याच्या शेजारच्याचं टोक नव्हतं. म्हणजे मांस नव्हतं, नखं अर्धी होती, आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं.

“हे कधी झालं?” तो म्हणाला.

तो वेदनेने ओरडला असता तर मी इतकी घाबरले नसते. तो विचारत होता. मला विचारत होता.

स्वच्छ फडकं गुंडाळलं, हात वर धरायला लावला, रिक्षा केली. रिक्षात तो रस्त्याकडे बघत होता. दुखतंय का विचारलं. नाही म्हणाला. खूप वेळाने म्हणाला, “हाच तर घोळ आहे.”

३० सप्टेंबर

काल दवाखान्यात टाके आणि ड्रेसिंग झाल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला सोडलं नाही. डोळे मिटायला लावले आणि सुईचं टोक बोटांना टोचत गेल्या, सांगा कुठे टोचलं. ज्या हाताला जखम नाही त्या हाताची गोष्ट. त्या टोचत होत्या आणि दादा वाट बघत होता की कधी टोचणार. वहिनी माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची नखं रुतली.

मग त्याला सरळ रेघेत चालायला सांगितलं, एका पावलाला दुसरं लावून. तीन पावलांत भिंत धरली. एक शर्ट पुढे ठेवून बऱ्या हाताने बटण लावायला सांगितलं. लागलं नाही. तो त्या बटणाशी झटत होता आणि मी दुसरीकडे पाहिलं.

पायरी, चप्पल, इलॅस्टिक, गाल, चहाचा पेला. सगळं माझ्या समोरच घडत होतं. आणि मी त्याच्या तोंडाचा वास घेत फिरत होते.

मानेचा मोठा फोटो काढायला पाठवलंय.

२ ऑक्टोबर

मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबलाय. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. पांढरी दोरी एका जागी चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली. हातापायांकडे जाणारं सगळं तिथून जातं. ऑपरेशन करून जागा मोकळी करायची, आणि लवकर. नाही केलं तर पाय जातील, लघवीवरचा ताबा जाईल. केलं तर आहे तिथे थांबेल. जे गेलंय ते परत येईल का, असं वहिनीने विचारलं. म्हणाले, थोडं येऊ शकतं, नाहीही येऊ शकत, वचन देणार नाही. आणि मानेचं ऑपरेशन म्हणजे त्याचाही धोका असतोच.

दादा म्हणाला, विचार करून सांगतो. वहिनी म्हणाली, विचार मी केलाय, तारीख द्या.

बाहेर बाकावर वहिनी कागदांसाठी गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी त्याला सांगून टाकलं, आम्हाला वाटलं तू पितोस. तो जोरात हसला, शेजारची माणसं वळून बघायला लागली.

“प्यायलो असतो तर बरं झालं असतं,” म्हणाला. “सोडता तरी आली असती.”

मग आपणहून बोलायला लागला. उन्हाळ्यापासून रंधा हातात राहीना. पटाशी धरली की ती धरली आहे की नाही हे बघावं लागायचं. घासकागदाने घासताना लाकूड संपून आपली कातडी कधी सुरू झाली ते कळत नसे. आधी वाटलं हातावर झोपल्याने मुंग्या येतात, मग वाटलं थकवा. मग घाबरला, आणि घाबरल्यावर कुणालाच सांगितलं नाही. मशीन असलं की नुसती फळी ढकलायची, हाताने काही समजायची गरज नाही, म्हणून मशीन आणलं. मिळेल ते, लगेच.

“तुला कळलं नसतं,” तो म्हणाला. “कडा तर चांगल्या येत होत्या.”

मी महिनाभर त्या मशीनला पाण्यात पाहतेय. फट बुजवली, रेघ ओढली, बटण बसवलं, सगळं त्याच्यापासून दादाला वाचवायला. आणि ज्याच्या हाताला काही जाणवत नव्हतं त्यालाच रोज त्यासमोर उभं केलं, त्याच्यासाठी पट्टा मीच चढवून दिला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही. त्याचा बरा हात हातात घेतला. त्याने खाली बघितलं, आणि हात धरलाय हे बघितल्यावर मग त्याने माझा दाबला.

७ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. आत नेताना त्याने वहिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं पाहिलं असतं तर तो उठून आला असता.

आम्ही दोघी बाहेर. वहिनी सोबत आणलेलं शिवण हातात धरून बसली होती, एक टाका घातला नाही. मी भिंतीवरच्या फरशांचे सांधे बघत बसले. एका जागी फरशीची कड उडालेली होती आणि मी सारखी त्याच जागेकडे बघत होते. कुणी दार उघडलं की आम्ही दोघी उठून उभ्या.

संध्याकाळी डॉक्टर आले, म्हणाले व्यवस्थित झालं. शुद्धीवर आल्यावर त्याला पाय हलवायला सांगितले. दोन्ही हलले. वहिनी तिथेच जमिनीवर बसली.

११ ऑक्टोबर

शाळेच्या बाईंना सगळं सांगितलं आणि काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर द्या म्हटलं. त्यांनी बाकं कधी होतील एवढंच विचारलं. मी महिनाअखेर म्हणून बसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मशीनवर मी आजवर एकही फळी घासलेली नाही.

१२ ऑक्टोबर

पट्टा बदलला. जुना, रक्ताचा, गुंडाळून कचऱ्यात टाकला. टेबल खरवडून पुसलं. नवा पट्टा चढवला, बाण पाहिला, हाताने फिरवला, स्क्रू तपासला. परत तपासला. मग चालू बटणावर बोट ठेवलं आणि दाबता आलं नाही. भुसा झाडला, अवजारं लावली, खिडकीच्या काचा पुसल्या. घरी आले.

१४ ऑक्टोबर

वहिनी आली. मी काही बोलले नव्हते. रिकाम्या वर्कशॉपमध्ये पुसलेल्या काचा बघून तिला काय ते समजलं असावं. दादाजवळ तिने तिच्या बहिणीला बसवलंय.

तिने लाल बटणासमोर स्टूल ओढलं आणि गुडघा बटणापासून एवढासा लांब ठेवून बसली. “तू फळीकडे बघ, मी तुझ्या बोटांकडे बघते,” म्हणाली. “माझ्या मशीनने एकदा माझं बोट शिवलंय, मला माहितीये सगळं.”

पहिली फळी मी पट्ट्याला टेकवली मात्र, वहिनीने बटण दाबलं. काय झालं? काही नाही, आवाज बदलला. आवाज बदलणारच, फळी लागली ना. दुसऱ्यांदा पण दाबलं. तिसऱ्यांदा मी शिंकले म्हणून दाबलं. आम्ही हसायला लागलो आणि हसता हसता मी रडले, आणि रडू आवरेपर्यंत तिने मशीन चालू करू दिलं नाही.

दिवसभरात चार फळ्या झाल्या. दादा एवढ्या चहाच्या आधी करायचा. माझ्या बगलांत घाम, जबडा दुखतोय दात आवळून. पण कडा नीट आहेत. एका जागी थांबायचं नाही, फळी सारखी सरकती ठेवायची, दाबायची नाही, हे मी त्याला सांगत होते तेच स्वतःला सांगत राहिले.

२३ ऑक्टोबर

दादा घरी आहे, गळ्यात कडक कॉलर. चालणं सुधारलंय, भिंत धरत नाही. हातांचं काही सांगता येत नाही. वहिनीने त्याला रबरी चेंडू दाबायला दिलाय. तो दाबतो आणि बघतो दाबला गेला का.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी बटणाआधी स्क्रू दोनदा तपासते. पण फळ्या होतायत. काल एक फळी घासताना दोन मिनिटं मी काहीच विचार करत नव्हते, नुसती कड बघत होते. भान आल्यावर दचकले, बोटं तपासली. सगळी होती.

३१ ऑक्टोबर

बाकं गेली. मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या. प्रत्येक कडेवरून तळहात फिरवला, खालच्या बाजूनेही. एका ठिकाणी थांबल्या. “इथे वार्निश जास्त बसलंय,” म्हणाल्या. बस, तेवढंच.

६ नोव्हेंबर

आज दादा वर्कशॉपमध्ये आला, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी मशीनवर होते. दारातून त्याची सावली आत पडली आणि मी मागे न बघता म्हणाले, दादा, मशीन बंद होईपर्यंत आत यायचं नाही. बोलून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. त्याच्या दुकानात त्यालाच. पण तो थांबला. फळी पूर्ण करून मी मशीन बंद केलं तेव्हा तो उंबऱ्याबाहेरच उभा होता, कॉलरमुळे ताठ, पाहुण्यासारखा.

त्याला खुर्ची दिली. इकडचं तिकडचं बोललो. नव्या नटाचं कौतुक केलं त्याने. मी मनात हिशेब करत होते की कॉलर कधी निघेल, मग हलकी कामं, मग नव्या वर्षापासून तो रंधा धरेल, मी पॉलिशला परत जाईन.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. मुलीच्या खोलीसाठी टेबल हवं होतं, खिडकीच्या कोनाड्यात बसेल असं, एक बाजू गोलाकार. दादाचं नाव ऐकून लांबून आले होते. त्यांनी खिशातून कागद काढून दादापुढे धरला आणि माप सांगायला सुरुवात केली. दादाने कागद घेतला नाही. हात मांडीवरच ठेवले.

“मला नका सांगू,” तो म्हणाला. “तिला सांगा. आता दुकान तिचं आहे.”

अगदी साध्या आवाजात म्हणाला, जणू हे आम्ही कधीचं ठरवलेलं होतं. आम्ही काहीच ठरवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी मला सांगितलं नव्हतं, वहिनीने सांगितलं नव्हतं. त्याचे हात परत येणार नाहीत हे मला एका अनोळखी माणसासमोर, असं कळलं.

गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मग परत त्याच्याकडे. त्यांना काय वाटलं ते स्पष्ट दिसत होतं. मला म्हणायचं होतं की नाही, थोडे दिवस थांबा, तो बरा होतोय. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. दादा जमिनीकडे बघत होता.

मी हात पुसले, कागद घेतला आणि विचारलं, गोलाई डावीकडे हवी की उजवीकडे.

ते सांगत गेले. मी लिहीत गेले. दोन आकडे चुकले, परत विचारले, त्यांनी परत सांगितले. ते गेल्यावर मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग दादा म्हणाला, त्या कोनाड्याचं माप तू स्वतः जाऊन घे, लोकांनी दिलेल्या मापावर भरवसा ठेवू नकोस.

उद्या सकाळी जाणार आहे.